बुंदीचं लंघन

लंघन म्हणजे लंघन! कुरवंड्यात, आपल्या गावी, शेळीचं पोट फुगलं की शालनमावशी पुढचा पाला काढून घ्यायची आणि तिला दिवसभर उपाशी ठेवायची. तीस वर्षं असंच चाललेलं. मग लोणावळ्याच्या या बंगल्यातल्या बुंदीला वेगळा न्याय कशाला?

बुंदी म्हणजे ओवीची गिनीपिग. मावशी या घरी कामाला. दहा वर्षांची ओवी आईबाबांबरोबर सांगलीला लग्नाला गेली आणि जाताना बजावून गेली, "मावशी, गवत कधीच संपू द्यायचं नाही हं. आणि रोज ढोबळी मिरचीचा तुकडा." मावशीला हसू आलं. जनावर कसं सांभाळायचं ते तिला शिकवणार कोण, तर ही चिमुरडी!

शनिवारी सकाळी बुंदीनं मिरचीला तोंड लावलं नाही. पोट टम्म. मावशीनं गवतासकट सगळं उचललं. दुपारी बघते तर बुंदी कोपऱ्यात अंग फुगवून गप्प बसलेली, आणि पिंजऱ्यात सकाळपासून एक लेंडी नाही. एरवी लेंड्या झाडून मावशीचा जीव मेटाकुटीला यायचा!

तिनं बुंदीला टोपलीत घातलं, रिक्षा केली आणि जनावरांचे डॉक्टर सुहास यांच्याकडे गेली.

"कधीपासून उपाशी आहे?" त्यांनी विचारलं.

मावशीच्या मनात आलं, बुंदीनं आपणहून खाणं सोडलं म्हणावं का? कोण बघायला होतं? टोपलीत बुंदीची कूस भराभर हलत होती.

"सकाळी खाल्लं न्हाई तिनं. मंग मीच समदं काढून घेतलं, लंघनाला. सात तास झालं."

"खरं सांगितलंत ते बरं केलंत, मावशी. हिचं पोट सतत चालू लागतं. थांबलं तर जीव जातो." त्यांनी इंजेक्शन दिलं, पातळ खाणं सिरिंजनं कसं भरवायचं ते दाखवलं. "थोडं थोडं देत राहा. लेंडी पडली की समजा पोट चालू झालं."

घरी मावशी बुंदीला मांडीवर घेऊन बसली. एक थेंब आत, दोन बाहेर. पाच वाजले, सहा वाजले. "खा गं बये, खा!" तेवढ्यात ओवीचा फोन आला.

"मावशी, बुंदी जेवली?"

"पोरी, माझं चुकलं," मावशी म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडून मुसमुसणं ऐकू आलं. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिनं हात थांबवला नाही, आणखी एक थेंब भरवला.

मांडीवर काहीतरी टपकलं. इवलंसं, काळं.

"पडली! ओवी, लेंडी पडली गं!" मावशी रडतच ओरडली.

"किती?"

"एकच."

"मावशी," ओवी नाक ओढत म्हणाली, "भरवत राहा."

"व्हय गं माझी बाय." मावशीनं ती लेंडी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. ओवी आल्यावर तिला दाखवायची होती.