एक जूनची माणसं आणि मी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना म्हणजे अवघा आठ वर्षांचा. आठ वर्षांचा बैल भर उमेदीत असतो, आठ वर्षांचं लेकरू तिसरीत जातं. आमच्या जातीत मात्र आठव्या वर्षी लोक विचारतात, "अजून चालतो का हा?" चालतो बाबांनो. माझं एक बटण निघालं आहे, त्या जागी खोडरबराचा तुकडा चिकटवला आहे. माझा पंखा पिठाच्या गिरणीसारखा आवाज करतो. वीज गेली की मी वीस मिनिटं तग धरतो आणि मग डोळे मिटतो.

माझ्या पोटाखाली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर माझी जन्मतारीख छापलेली आहे: २३ ऑगस्ट. दूरच्या देशातल्या कारखान्यात, ज्या दिवशी माझे स्क्रू आवळले, तोच दिवस. त्यात एका दिवसाचीही चूक नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिच्यावाचून माझी कहाणी कळायची नाही.

मी अकोल्याच्या दुकानातून रिसोड तालुक्यातल्या एका गावात आलो. चंपत आणि प्रयागबाई हे भाजी पिकवणारं जोडपं. वांगी, मेथी, सांबार असा माल रोज पहाटे रिसोडच्या हर्राशीला, म्हणजे लिलावाला, नेऊन विकायचा, हे त्यांचं काम. शहरात ज्याला कोथिंबीर म्हणतात, त्याला आमच्याकडे सांबार म्हणतात. त्यांची मुलगी समीक्षा कॉम्प्युटर शिकायला अमरावतीला निघाली, तेव्हा चंपतने मला तिच्या हाती दिलं आणि प्रयागबाईने माझ्यावर हळदकुंकू वाहिलं. थोडी हळद माझ्या बटणांत गेली. ती अजून तिथेच आहे.

ते दिवस चांगले होते. समीक्षाने पहिला प्रोग्रॅम माझ्यावर लिहिला. तो चालला नाही. एक अर्धविराम राहिला होता, तो शोधायला तिला दोन दिवस लागले. सापडला तेव्हा तिने माझ्या झाकणावर थाप मारली, वासराच्या पाठीवर मारतात तशी. मला अजून आठवते.

पुढे तिला पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली आणि कंपनीने तिला नवा कोरा लॅपटॉप दिला. मी कपाटात गेलो. नवी नवरी आली की जुन्या सुपाला कोण विचारतं? पण कपाटाच्या फटीतून मला सगळं ऐकू यायचं. ती गावातल्या घरूनच काम करायची. नेट फक्त ओट्याच्या उगवतीच्या कोपऱ्यात यायचं, म्हणून तिची खुर्ची कायम तिथे. रोज दहा वाजता मीटिंग. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तिघातिघांना सांगायचं. सोमवारी शिकलेली पद्धत शुक्रवारी जुनी व्हायची. फोनची यंत्रणा चालवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने बटणाचं नाव बदललं की हिचं आठवड्याचं काम मोडायचं. "आपल्या सोयीसाठी सुधारणा केली आहे," असं ते कळवायचे. कोणाची सोय, ते काही तिला कधी कळलं नाही.

मग एका सकाळी ती मीटिंगमध्ये बोलत असतानाच पडद्यावरून तिचं नाव नाहीसं झालं. तिला वाटलं नेट गेलं. नेट होतं. कंपनीने तीनशे माणसं कमी केली होती आणि त्यांची दारं एकाच वेळी बंद केली होती. नव्या लॅपटॉपला खोक्यात घालून परत पाठवायचा हुकूम आला. समीक्षाने कपाट उघडलं आणि मला बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसलं. लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आमच्या भागातल्या भाजीवाल्यांचं एक जुनं दुखणं होतं. भाव चढला की दुसऱ्या दिवशी सगळेच सांबार तोडून न्यायचे. हर्राशीत ढीग लागायचे, भाव मातीमोल व्हायचा आणि जुड्या शेळ्यांपुढे टाकाव्या लागायच्या. मोबाईलवर गट करून पाहिला होता. तिथे शुभ सकाळची फुलं इतकी यायची की सांबाराचा निरोप त्यांच्याखाली गाडला जायचा. म्हणून समीक्षाने माझ्यावर चार महिने खपून एक ॲप तयार केलं. उद्या कोण काय नेणार, हे ज्याने त्याने दुपारी चारपर्यंत त्यात दाबायचं. वीस खेपा सांबाराची नोंद झाली की ॲप पुढच्याला सांगायचं, आज मेथी न्या. एवढंच.

पण ॲप फोनमध्ये उतरवायला त्या मोठ्या कंपनीचं खातं लागतं. आमच्या माणसांचे फोन दुकानदाराने चालू करून दिलेले, पासवर्ड कोणालाच ठाऊक नाहीत. मग प्रयागबाईने गावात सांगितलं, "समीक्षा नवं खातं काढून देऊन राह्यली, या." माणसं ओट्यावर रांगेत बसली. एकशे बारा माणसं, आठ दिवस. समीक्षाने आधार फक्त नाव बघायला मागितलं होतं, पण कागदाच्या कामाला झेरॉक्स लागतोच अशी आमच्या माणसांची पक्की समजूत. जो आला तो झेरॉक्स घेऊनच आला. नको म्हणणं तिच्या जिवावर आलं. तिने त्या सगळ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याखाली ठेवल्या.

पहिला नंबर चंदाबाईंचा होता. तांड्यावर राहतात, पालक आणि सांबार करतात.

"मावशी, जन्मतारीख?" समीक्षाने विचारलं.

"मले काय मालूम? कागदावर पाहून घे."

कागदावर होतं १ जून. दुसरे आले हेमसिंग, १ जून. चंपतची स्वतःची, १ जून. मित्रांनो, तुमच्या आजोबांना विचारून पाहा. पूर्वी मूल शाळेत घालताना कोणालाच तारीख ठाऊक नसे. मास्तर पोराची उंची पाहत, वर्ष अंदाजाने धरत आणि तारीख एक जून टाकत. तीच पुढे रेशनकार्डावर गेली, आधारावर गेली. जे शाळेतच गेले नाहीत, त्यांनाही कागद करणाऱ्यांनी तीच दिली. एकशे बारापैकी सत्त्याण्णव माणसं एक जूनची निघाली. समीक्षा हसली आणि जसं होतं तसं भरत गेली. खोटं भरायचं तिच्या मनातही आलं नाही. तिथेच घात झाला.

सहा आठवडे ॲप चाललं. सांबार शेळ्यांपुढे गेलं नाही. हेमसिंगसारखा खवट माणूस ओट्यावर येऊन म्हणाला, "पोरी, तुह्या मशीननं काम केलं बाप्पा." मशीन म्हणजे मी. माझं इतकं कौतुक आयुष्यात कोणी केलं नव्हतं.

मेच्या दुसऱ्या दिवशी ॲप बंद पडलं. कोणी माणसाने ते बंद केलं नव्हतं, त्या मोठ्या कंपनीच्या यंत्राने केलं होतं. त्या यंत्राला दिसलं ते इतकंच: एकाच लॅपटॉपवरून एकशे बारा खाती निघाली आणि त्यातली सत्त्याण्णव माणसं एकाच दिवशी जन्मली. त्याने ठरवलं की ही माणसं खरी नाहीत. समीक्षाचं खातं कायमचं बंद झालं आणि एकशे बारा फोनांवर लाल अक्षरं उमटली: "हे ॲप धोकादायक आहे. तुमची माहिती चोरली जाऊ शकते. ताबडतोब काढून टाका."

ॲप गेलं असतं तर तिने दुसरं केलं असतं. पण ती लाल अक्षरं गावाने वाचली. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी नातवंडांकडून वाचून घेतली. आणि आधारच्या झेरॉक्स आमच्याच घरात होत्या.

चौथ्या दिवशी हर्राशीत पुन्हा सांबाराचे ढीग लागले. हेमसिंगने आपला माल तिथेच शेळ्यांना टाकला आणि चारचौघांत म्हणाला, "आधार घेतलं, खातं काढलं, आता म्हन्ते बंद पडलं. काहून पडलं?" प्रयागबाई भाजीची टोपली घेऊन तिथेच बसली होती. घरी येऊन ती म्हणाली, "आपन चोरी केली नाही तं मान काहून खाली घालाची?" पण दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या गल्लीने जाऊ लागली. समीक्षाने ते पाहिलं. मीही ओट्यावरून पाहिलं.

दाद मागायला तीस दिवसांची मुदत होती. ती एक जूनला संपत होती.

समीक्षाने अर्ज लिहिला. शाळा, मास्तर, एक जून, सगळं समजावून लिहिलं. चार मिनिटांत उत्तर आलं: "आम्ही आपला अर्ज काळजीपूर्वक तपासला. तो मान्य करता येत नाही." चार मिनिटांत चहालाही उकळी येत नाही. फोन नंबर कुठेच नव्हता. एक मदतीची खिडकी होती, तिच्यात एक हसरी बाई दिसायची. समीक्षाने तिला विचारलं, "तुम्ही माणूस आहात का?" उत्तर आलं, "मी आपल्या मदतीसाठी सदैव हजर आहे." समीक्षाने तेच चार वेळा विचारलं. चार वेळा तेच उत्तर आलं. पाचव्या वेळी तिने फक्त "प्लीज" लिहिलं आणि माझ्या बटणांवर कपाळ टेकलं. तिच्या कपाळाने पडद्यावर अक्षरांच्या ओळीच्या ओळी उमटत गेल्या. मी काय करू शकत होतो? मी फक्त पंखा हळू फिरवला.

पुरावा जोडला तर एकदाच पुन्हा तपासू, असं शेवटी कळलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. हेडमास्तरांनी जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. पानंच्या पानं एक जून, एक जून. त्यांनी शिक्क्यानिशी पत्र दिलं की त्या काळी तारीख ठाऊक नसल्यास अशीच लिहीत. समीक्षा घाईने घरी आली, मला उघडलं, पुरावा जोडायचं पान काढलं, आणि पडद्यावर आलं: "आपले उपकरण जुने आहे. हे पान येथे उघडणार नाही. कृपया नवे उपकरण घ्या."

मित्रांनो, ज्या कंपनीने मला घडवलं, तिनेच माझं आयुष्य संपल्याचं जाहीर केलं होतं. माझ्या पोटाखालच्या त्या तारखेवरून मोजून. मी चालत होतो, ऐकत होतो, तिची बोटं ओळखत होतो. तरी तिच्या गळ्याशी आलं तेव्हा मीच दार अडवून उभा राहिलो. खातीही माझ्यावरूनच निघाली होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी कपाटातच बरा होतो.

ती रिसोडला जीपने गेली, एका कॉम्प्युटर सेंटरवरून पुरावे पाठवले आणि वाट पाहू लागली. मेचे उरलेले दिवस ती ओट्यावर बसून होती. जेवण समोर आणून ठेवलं तर जेवायची, नाहीतर नाही. चंपत येता-जाता विचारायचा, "आलं काय वं?" ती मान हलवायची. पुढे त्याने विचारणं सोडलं.

एक जून उजाडला. सकाळी आठ वाजता मी सुरू झालो आणि माझ्यात टपालाचा लोंढा आला. एका पाठोपाठ एक, थांबेचना. खाती काढताना अडीअडचणीसाठी समीक्षाने सगळ्यांना स्वतःचा कॉलेजचा ईमेल देऊन ठेवला होता. त्यावर त्या मोठ्या कंपनीकडून सत्त्याण्णव पत्रं आली. रंगीत फुगे, केक, मेणबत्त्या. "हेमसिंग, तुम्हाला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!" "चंपत, आजचा दिवस तुमचा!" समीक्षा एकेक फुगा बाजूला सारत खाली जात राहिली. चाळिसाव्या का पन्नासाव्या फुग्याखाली, त्याच कंपनीचं साधं पांढरं पत्र सापडलं. ही खाती खऱ्या व्यक्तींची असल्याचे आढळले नाही. निर्णय अंतिम आहे.

तिने ते दोनदा वाचलं. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतरच्या आठवड्यात माणसं एकेक करून आली. भांडायला कोणी आलं नाही. खालच्या आवाजात म्हणायची, "थे झेरॉक्स तेवढी देऊन टाक." समीक्षा मला उचलायची, पिशवीतून नाव शोधायची आणि कागद द्यायची. माझ्याखालची पिशवी हलकी होत गेली.

चंदाबाई सगळ्यांत शेवटी आल्या. त्यांनी आपला फोन पुढे केला. "हे फुगे कायचे होय वं? आठ दिवसांपासून पुसून राह्यली, कोनी सांगेना."

समीक्षाने वाचून दाखवलं. "चंदाबाई, वाढदिवसाच्या शुभेच्छा. कंपनीनं पाठवलंय, मावशी. त्याच कंपनीनं."

चंदाबाईंनी फोन हातात घेऊन फुगे पाहिले. "मंग त्याहिले मालूम हाय न, मी हाओ म्हनून?"

समीक्षाने होय म्हणून मान हलवली. चंदाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्याही म्हणाल्या, "पन देऊन दे माय कागद. सून आयकत नाही." समीक्षाने कागद दिला.

मित्रांनो, समीक्षा आता पुण्याला जाते आहे. तिथे दुसऱ्या कंपनीत काम मिळालं आहे, माणसं ओळखणारी यंत्रं बनवण्याचं. उद्या सकाळी तिची बस आहे. मला ती नेणार नाही, आणि नेऊ नये हेच खरं. तुम्हाला एकच मागणं आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही यंत्रांना शहाणपण शिकवतील. तेव्हा यंत्राने एखाद्याला खोटं ठरवलं, तर त्याच्या दारी एकदा माणूस पाठवा. आमच्यासारख्यांना तारखा कळतात, आणि तारखांच्या पलीकडे आम्हाला काही कळत नाही.

आज संध्याकाळी समीक्षाने मला मिटायला घेतलं, तेव्हा पिशवीत एकच झेरॉक्स उरली होती. चंपत ओट्यावर सांबाराच्या जुड्या बांधत बसला होता.

"बाबा, ही तुमची. घ्या."

त्याने मान वर केली नाही. जुडीला गाठ मारली. "माही राहू दे तुह्यापाशी."

समीक्षाने त्या कागदाची घडी केली, माझ्या बटणांवर ठेवली आणि झाकण लावलं. मी आता बंद आहे. कागद माझ्यात आहे.