अय्यूबभाईंनी मला बाजूला सारलं

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. मंडपातला नव्हे, हातात धरून बोलायचा. ढाणकीच्या बाजारात चादरी विकणाऱ्या अय्यूबभाईंना पार्किन्सनचा आजार झाला. हात थरथरू लागले, आवाज बारीक झाला, तेव्हा त्यांच्या बायकोनं, अमिनाबींनी, मला आणलं. दोन वर्षं मी बाजार गाजवला. भाई कुजबुजायचे आणि गिऱ्हाईक माझ्याकडे वळायचं. खोटं कशाला बोलू, मला गर्वच झाला होता.

माझ्याविना मात्र भाईंचं बोलणं कुणालाच ऐकू येईना. शेजारच्या इंदूबाईंनी दोनदा "काय म्हणता?" विचारलं की ते चिडायचे. "मी तं बराबर बोलून राह्यलो. तुमचेच कान गेले."

अशात लेकीचा, आरजूचा, निकाह ठरला. निकाहात वधूची कबुली विचारणाऱ्याला वकील म्हणतात; तो वकील अब्बांनीच व्हावं, असा तिचा हट्ट होता. पण तो सवाल दोन साक्षीदारांना साफ ऐकू यावा लागतो. मी मनात म्हटलं, काळजी कशाला, मी आहे ना!

पण आरजूला अब्बांचा स्वतःचा आवाज हवा होता. ती त्यांना, सोबत मलाही, यवतमाळला साधनाताईंकडे घेऊन गेली. ताई बोलण्याचे उपचार करतात. माझ्यात आवाज भरून ठेवायचं बटण आहे. ते दाबून ताईंनी आधी स्वतःचं, मग भाईंचं एकेक वाक्य माझ्यात भरलं. ऐकवलं तर ताईंचं खणखणीत आणि भाईंची नुसती खरखर.

"हा माहा आवाज आहे?" भाईंचे डोळे भरून आले.

ताई म्हणाल्या, "या आजारात आवाज लहान झाल्याचं ज्याचं त्यालाच कळत नाही. ओरडल्यासारखं वाटेल एवढं बोला, तेच बरोबर असेल. आणि बाजारात हा भोंगा बंद." मला असा राग आला म्हणून सांगू!

मग रोज सकाळी लांबलचक 'आऽऽ', त्यावर बाजारातली हाक, आणि शेवटी ती माझ्यात भरून ऐकायची. आधी खरखर होती, पुढे शब्द कळू लागले. चौथ्या महिन्यात इंदूबाई धावत आल्या. "काहून जी, भांडण होऊन राह्यलं काय?" त्या दिवशी अमिनाबींनी सगळ्यांना शिरखुर्मा खाऊ घातला.

निकाहाच्या दिवशी अमिनाबींनी मला पुसून जवळ ठेवलं होतं, असावा म्हणून. भाईंनी थरथरत्या हातानं मला बाजूला सारलं आणि विचारलं, "आरजू, तारिकसोबत निकाह कबूल है?" अंगणात पुलाव हलवणाऱ्यानंही झारा थांबवून ऐकलं. आरजूचंच 'कबूल है' रडण्यात बुडालं.

"जोरानं बोल, बेटी," भाई म्हणाले. "तुलेबी साधनाताईकडे धाडू काय?"

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा आवाज बारीक होत असेल, तर त्याच्या वतीनं बोलू नका. त्याला त्याचा आवाज शोधायला सोबत करा. मी आता खुंटीला असतो. सकाळची ती 'आऽऽ' ऐकली की माझी पत्र्याची छाती अजूनही फुगते.