तोंडावरचा उजेड

शिडीच्या वरच्या पायरीवरून लाईटवालीनं लांब पट्टीदिव्याचं दुसरं टोक साखळीत अडकवलं आणि खाली न बघताच हात मागे केला. धाकट्यांनी त्या हातात पक्कड ठेवली. केस पांढरे झाले तरी बाइंडिंगच्या त्या कारखान्यात ते धाकटेच होते. मोठे म्हणजे त्यांचे वडील. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण ते नाव लावून घ्यायची हिंमत धाकट्यांना कधी झाली नाही.

"ही दुधी कव्हरची पट्टी मंद नाही का वाटत?" ते म्हणाले. "त्या बाजूच्या बघा कशा लख्ख आहेत. मला लख्खच हवंय. चुका फार व्हायला लागल्यात."

"लख्ख आहेत, पण डोळ्यांत घुसतात," उतरता उतरता लाईटवाली म्हणाली. "मी सांगून काय उपयोग? अर्ध्या हॉलवर त्या, अर्ध्यावर ह्या. काही दिवस सगळ्यांना आलटून पालटून दोन्हींखाली बसू दे. मग ठरवा."

चुकांचं खरं होतं. छताला उंच टांगलेले, हल्ली मंदावलेले जुने गोल दिवे आपापल्या पायाशी उजेडाचं डबकं करून ठेवायचे आणि मधल्या जागेत माणसं चाचपडायची. छापून घडी घातलेल्या कागदांचा क्रम चुकायचा, पांढऱ्यात पिवळसर कागद मिसळायचा. पण धाकट्यांच्या जिवाला लागली होती ती शब्दकोशांची चूक. त्यांनी स्वतः शिवणीच्या टेबलापाशी जाऊन "पिवळं कव्हर" असं सांगितलं होतं. काकूंनी मान डोलावली आणि अख्ख्या गठ्ठ्यावर निळं चढवलं.

काकू शिवणीच्या टेबलावरच्या सगळ्यांत जुन्या. ऐन विशीत तापात त्यांचे कान गेले, बोलणं मात्र शाबूत राहिलं. समोरच्याचे ओठ बघून त्या ऐकायच्या. हल्ली मात्र त्यांच्याशी बोलणं म्हणजे कटकट झाली होती. काही सांगायला जावं तर त्या बाही धरून माणसाला दारापर्यंत ओढत न्यायच्या आणि म्हणायच्या, "हं, इथं सांग." चहाच्या वेळी सगळे हसत असले की त्या कपात बघत बसायच्या. काकूंचं वय झालं, त्या हेकट झाल्या, असं सगळे म्हणत. धाकट्यांनीही मनाशी ठरवलं होतं: दिव्यांचं काम उरकलं की काकूंना मागच्या खोलीत पॅकिंगला बसवायचं. तिथं कुणी काही सांगायचं नाही आणि त्यांनी ऐकायचं नाही. फक्त हे त्यांच्यापुढे बोलायचं कसं, तिथं गाडी अडत होती.

दिवे लागले तशी मतं फुटली. कटिंगवाल्यानं आधी लख्ख पट्ट्यांची बाजू घेतली आणि दोनच दिवसांत कपाळ चोळत दुधी बाजूला आला. शिवणीच्या बायकांनी लख्ख दिव्याखाली हाताचीच सावली सुईवर पडते म्हणून नाकं मुरडली. काकूंना कुणी विचारलं नाही.

एके दिवशी चहा दुधी दिव्यांखाली झाला. कटिंगवाला रंगात आला होता.

"बायको म्हणते, तुम्ही घरात एक शब्द बोलत नाही. मी म्हटलं, तू मधे जागा कुठं सोडतेस?"

सगळ्यांच्या आधी काकू हसल्या. चांगल्या खळखळून, कप हिंदकळेपर्यंत.

"इथं घेऊन ये तिला," त्या म्हणाल्या. "तिला बोलायचंय, मला ऐकू येत नाही. छान जमेल आमचं."

हॉलभर हशा पिकला. धाकटे मात्र हसले नाहीत. स्टूल ओढून ते काकूंच्या समोर बसले.

"काकू, तुम्हाला कळलं तो काय म्हणाला ते?"

"दिसलं की." त्यांनी वर बोट केलं. "त्या जुन्या दिव्यांखाली तुमची नुसती कपाळं दिसायची रे. नाकाखाली सगळा काळोख. म्हणून तर दाराशी ओढायची एकेकाला."

"मग सांगायचं नाही का कधी?"

काकूंनी कप खाली ठेवला आणि पदरानं बोटं पुसली.

"मला वाटलं, आता माझे डोळेही चालले. कान गेलेल्या माणसानं ते कुणाला सांगायचं, धाकट्या?"

धाकट्यांनी तिथूनच लाईटवालीला फोन लावला. दुधी पट्ट्याच हव्यात म्हणून सांगितलं. हा उजेड आजूबाजूलाही पसरतो, तिनं सांगितलं; छताला पांढरा रंग दिलात तर तिथून परतून तोंडांवर अजून उतरेल. त्यांनी रंगारीही बोलावला. मागच्या खोलीचा विषय कुणापाशी निघालाच नव्हता. तो त्यांनी मनातल्या मनात पुसून टाकला.

काम पुरं झालं त्या दुपारी लाईटवाली अवजारं आवरून दाराशी आली. टेबलांच्या रांगांवरून पट्ट्यांच्या सरळ रांगा गेल्या होत्या आणि हॉलच्या त्या टोकाला काकू मान खाली घालून शिवत होत्या.

"आता आहे ना मनासारखं?" तिनं विचारलं.

"मनासारखं म्हणजे..." धाकट्यांचा आवाज आपोआप खाली आला. "वडील अचानक गेले तेव्हा मला दोऱ्याला गाठ मारता येत नव्हती हो. लोक म्हणत होते, विकून टाक. ह्या बाईंनी शेजारी बसवून घेतलं मला. उसवायच्या, पुन्हा शिवायला लावायच्या. कुणाला कळू दिलं नाही की मालकाला काम येत नाही. त्या नसत्या तर हा कारखाना कधीच बंद पडला असता. आणि इतक्या वर्षांत मी एकदाही त्यांना तसं बोललो नाही."

"बोललास की आत्ता," काकू पलीकडून म्हणाल्या.

सुई कागदातच होती, पण मान वर होती. धाकटे दारात होते तिथंच थिजले. यंत्रावरून डोकं वर काढून कटिंगवाल्यानं इकडे तिकडे पाहिलं.

"कोण? काय बोललं?"

"काही नाही," काकू म्हणाल्या आणि दोरा ओढून घेतला. "कामाचं बोलत होता."