गिअरमध्ये उभी केलेली गाडी

चातुर्मासात माझं सकाळचं मौन असतं. उठल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच चातुर्मासात हे धरलं आणि कधी मोडलं नाही. हृषीकेश ऐन श्रावणात, सकाळच्या वेळी झाला. कण्हले असेन, पण बोलले नाही, असं यांच्या आत्या येईल त्याला सांगतात. घरात या मौनाची सगळ्यांना सवय झाली आहे. हृषी लहानपणापासून चंदीगडचा, मराठी सगळी कळते पण बोलतो हिंदीत. सकाळी मित्राचा फोन आला की सांगतो, "मम्मी अभी म्यूट पर हैं."

दुसरी गोष्ट म्हणजे मी भित्री आहे. हेही घरात सर्वमान्य आहे. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहते. त्यामुळे माझ्या भीतीला कुणी फारशी किंमत देत नाही, आणि त्यात त्यांची चूक आहे असंही मला वाटत नाही.

त्या वर्षी मात्र माझी भीती खरी होती. मोहालीला सेक्टर सदुसष्टमध्ये औषधशास्त्र शिकून चांगल्या नोकरीला लागलेल्या हृषीनं नोकरी सोडली आणि मित्राबरोबर हिमाचलच्या डोंगरात, लाहौलमध्ये जमीन कसायला घेतली. कुटकी आणि कुठ ही औषधी मुळं लावायची, औषधवाल्यांना विकायची. जमिनीपर्यंतचा शेवटचा रस्ता कच्चा, मध्ये ओढे आडवे येतात, थंडी पडली की बर्फ. आमची छोटी गाडी तिथे पोटावर घासते, म्हणून त्याला सेकंडहँड पिकअप घ्यायची होती. त्यानं एकदा फोनवर त्या रस्त्याचं चित्रण दाखवलं. बाहेरचं चाक अगदी कडेनं चाललं होतं आणि खाली नदी इतकी बारीक दिसत होती की मी फोन उलटा करून ठेवला. तेव्हापासून पूजेला डोळे मिटले की मूर्ती दिसायची नाही, ते चाक दिसायचं. मला गाडी नको होती. पण नको म्हटलं तर तो कुणाची तरी मागून नेईल, हेही मला कळत होतं.

मनीमाजऱ्याच्या हरकीरत सिंगांची पिकअप विकायची होती. पाठीच्या दुखण्यानं त्यांना आता ती चालवता येत नव्हती. त्यांनी रविवारी सकाळी डोंगराच्या पायथ्याशी चोमध्ये बोलावलं. चो म्हणजे पावसाळ्यात धावणारी आणि एरवी गोट्यांनी भरलेली कोरडी नदी. माझी पूजा झाली होती, नैवेद्य राहिला होता. परत येऊन दाखवू, असं मनाशी ठरवून मी तशीच गप्प निघाले. घरी एकटी बसून वाट पाहणं मला जमलं नसतं.

हरकीरत सिंग मोकळा माणूस. त्यांनी काही लपवलं नाही. गाडीत दोन दांडे होते. मोठा नेहमीचा गिअरचा आणि त्याच्या शेजारी एक छोटा. छोट्या दांड्याचं त्यांनी नीट समजावून सांगितलं. टू एचवर फक्त मागची चाकं ओढतात, पक्क्या रस्त्याला तेवढं पुरे. फोर एचवर चारही चाकं ओढतात, ते चिखलाला आणि बर्फाला. कोरड्या डांबरावर तो लावून वळायला गेलं तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात, आतले दाते झिजतात. आणि फोर एल म्हणजे चारही चाकं, पण बैलाची चाल आणि बैलाची ताकद. उभ्या चढाला तो लागतोच, पण त्याहून जास्त उभ्या उताराला, कारण मग ब्रेक दाबत बसावं लागत नाही, गाडी स्वतःला धरून उतरते. या खुणांच्या मध्ये एक एनही होता. तो कशाला, असं हृषीनं विचारलं तर ते म्हणाले, "उससे आपका कोई काम नहीं पड़ेगा जी."

मग त्यांनीच सुचवलं की मागे फोर बाय फोर लिहिलं आहे म्हणून कुणाचीच गाडी घेऊ नये, माझीसुद्धा. लोक नुसती पट्टी चिकटवतात. खाली झोपून पुढच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, आहे का, तेल गळतंय का, हे डोळ्यांनी बघावं. हृषीला हे फार पटलं.

आधी यांनी गाडी चालवून बघायची ठरवली. हे हवाई दलातून निवृत्त झाले. लेहला होते तेव्हा जीप असायची, पण चालवायला ड्रायव्हर असायचा. त्या ड्रायव्हरांकडून यांनी एक नियम उचलला होता आणि तो आमच्या घरात श्लोकासारखा म्हटला जायचा. थंडीत हँडब्रेक ओढायचा नाही, तो रात्रीत गोठून चिकटतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि उतरायचं. चंदीगडच्या मे महिन्यातही हे हँडब्रेक ओढत नाहीत.

मी पुढे यांच्या शेजारी, हृषी मागे. फोर एल लावून गाडी चोच्या काठावर चढली. मी डोळे मिटून घेतले होते, पण खरं सांगायचं तर ती घसरली नाही, गुरगुरत एकेक पाऊल टाकावं तशी वर गेली. हे लहान मुलासारखे खूश झाले. अर्ध्या चढावर, तोंड वर करून, यांनी गाडी थांबवली. छोटा दांडा फोर एलमधून काढून टू एचवर न्यायला पुढे ढकलला. तो जरा अडला, मग खट्ट वाजला. यांनी इंजिन बंद केलं, मोठा दांडा पहिल्यात टाकला आणि उतरले. गाडी उभी राहिली. हरकीरत सिंग खाली दूरवर फोनवर बोलत होते.

हृषीनं चादर अंथरली आणि माझ्या बाजूनं गाडीखाली शिरला. पुढच्या चाकाच्या मागून. कमरेपासून वर आत, पाय बाहेर. मला आरशात त्याचे पांढरे बूट दिसत होते. आतून तो यांना सांगत होता की है बाबा, आगे वाला शाफ्ट असली है.

तेव्हा गाडी हलली.

फार नाही. मागच्या चाकाखाली दगड सरकल्याचा आवाज आला आणि समोरचं झुडूप काचेत किंचित वर गेलं. मला वाटलं चक्कर आली, उपासाची येते तशी. मग झुडूप आणखी वर गेलं.

मी कशी पलीकडे गेले ते सांगता येत नाही. साडी कशात तरी अडकून फाटली, गुडघा दांड्यावर आपटला. मला गाडी चालवता येत नाही. खाली तीन पट्ट्या दिसल्या. डाव्या पायानं डावी आणि उजव्या पायानं मधली, दोन्ही एकदम जीव खाऊन दाबल्या. झुडूप थांबलं. आरशात आता ते बूट दिसत नव्हते, कारण मी जागा बदलली होती. तो कुठवर आत आहे, चाक त्याच्यापासून किती लांब आहे, मला काहीच दिसत नव्हतं. फक्त त्याचा आवाज येत होता. तो गुणगुणत होता.

हे माझ्या खिडकीशी आले. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलेली बघून यांना हसू आलं. तूच घेऊन जाणार का लाहौलला, असं काहीतरी म्हणाले. मी मान हलवली. पायांकडे बोट दाखवलं, मग खाली हृषीकडे, मग हाताचा तळवा मागे सरकवून दाखवला. यांनी खुणा बरोबर वाचल्या, इतकी वर्षं वाचत आले आहेत, पण त्यांचा अर्थ भीती असाच लावला.

"अगं, गिअरमध्ये आहे गाडी," हे म्हणाले. "कुठे जात नाही."

मी पुन्हा तळवा सरकवला. यांनी वाकून माझे पाय पाहिले आणि यांचा चेहरा एकदम समजूतदार झाला.

"क्लच दाबलायस तू. म्हणून हलली असेल. डावा पाय काढ, म्हणजे गिअर धरेल तिला."

यांना गाड्यांतलं कळतं, मला कळत नाही. मी डावा पाय सावकाश उचलला आणि उजव्याचा जोर केसभर कमी करून पाहिला. मला फक्त एवढंच समजून घ्यायचं होतं की आणखी कुणी तिला धरतंय का. कुणीच धरत नव्हतं. सगळी गाडी माझ्या एका पावलावर आली होती. खाली दगड पुन्हा कुरकुरले आणि मी परत पाय रोवला. खालून हृषी म्हणाला, "मम्मी को नीचे उतारो बाबा, हिल रही है गाड़ी उनके हिलने से."

यांनी दार उघडलं.

हे रागावले नव्हते. तेच भयंकर होतं. यांनी माझ्या कोपराखाली हात घातला, जत्रेत पाळण्यातून उतरताना घालतात तसा, आणि ये, हळू ये, असं म्हणत मला बाहेर ओढू लागले. माझी टाच पट्टीवरून सुटू लागली. मी एका हातानं स्टीअरिंग धरलं होतं, तो हातही घामानं निसटत होता. ओरडावं तर हृषी दचकून डोकं वर करील, काय झालं म्हणून तिथेच थांबून विचारील. मी एवढाच विचार केला. बाकी देवाचं, व्रताचं काही मनात आलं नाही, ते नंतर आलं.

"हृषी," मी म्हटलं, "बाहेर ये."

माझा आवाज मोठा नाही. त्या दिवशी तर तो घोगरा, अर्धाच निघाला. पण यांचा हात माझ्या कोपरावर होता तसाच थांबला. गुणगुणणं बंद झालं. मग चादर दगडांवरून फरफटल्याचा आवाज आला. तो प्रश्न न विचारता बाहेर आला. वळून उभा राहिला तेव्हा त्याच्या केसांत वाळू होती आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"मम्मी बोलीं?" त्यानं यांना विचारलं.

यांनी खाली बसून मागच्या दोन्ही चाकांना मोठे दगड लावले, मग आत हात घालून हँडब्रेक ओढला. तेव्हा यांची नजर छोट्या दांड्यावर गेली. तो टू एचवर नव्हता, फोर एलवरही नव्हता. मध्येच, एनवर अडकला होता. हृषीनं तो पाहिला आणि हळूहळू, जणू स्वतःलाच सांगावं तसं म्हणाला की छोटा दांडा एनवर असला की इंजिन आणि चाकं यांचा संबंधच तुटतो. मग मोठा दांडा पहिल्यात असो नाहीतर कशातही असो, तो कुणालाच धरत नाही.

"पाय काढ आता," हे म्हणाले. मी काढला नाही. यांनी दोनदा सांगितलं. शेवटी हृषीनं वाकून माझं पाऊल दोन्ही हातांनी उचललं, तेव्हा ते सुटलं.

हरकीरत सिंग पाठ धरून घाईघाईनं वर आले. काय झालं ते ऐकून त्यांनी पगडीवर हात ठेवला. एनशी काम नाही हे मी चुकीचं सांगितलं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. हे त्यांच्याकडे बघत नव्हते. हे एका दगडावर बसले होते आणि पुढच्या चाकामागची ती चादर बघत होते. तिच्या एका कोपऱ्यावर टायरचा ठसा होता. अर्धवट.

"नको ही गाडी," हे म्हणाले. "हीच काय, कुठलीच नको."

हृषी वाद घालेल असं मला वाटलं. त्यानं घातला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. महिनोन्महिने मी देवाजवळ जे मागत होते, ते माझ्या पदरात येऊन पडलं होतं. एक शब्द पुरला असता, आणि त्या दिवशी तोंड तसंही उघडलंच होतं.

मी विचार करत होते की हा ऐकेल. या वर्षी ऐकेल. मग बर्फ वितळलं की मित्राची गाडी घेईल, नाहीतर भाड्याची. तिच्यात किती दांडे आहेत, कुठला कधी दगा देतो, हे मला ठाऊक नसेल, यांना नसेल, कदाचित त्यालाही नसेल.

"हीच घ्या," मी म्हटलं. "हिची खोड आपल्याला कळली."

यांनी मान वर केली. "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते. ती दुसऱ्या गाडीतही वाटणारच आहे."

खाली चोच्या सपाट भागात गाडी आणेपर्यंत मी बाजूनं चालत आले. तिथे मी हृषीला सांगितलं की आता मला दाखव. त्यानं मोठा दांडा पहिल्यात टाकला, छोटा एनवर, इंजिन बंद. त्यानं आणि यांनी मागून ढकललं आणि एवढी थोरली गाडी रिकाम्या हातगाडीसारखी चालू लागली. हरकीरत सिंग पुढे ब्रेक दाबायला बसले होते, त्यांनी ती थांबवली. मग छोटा दांडा टू एचवर. पुन्हा दोघांनी ढकललं. हलली नाही. हृषी म्हणाला की अब आप देखो.

मी पदर खोचला आणि मागच्या फळीला दोन्ही हात लावले. पत्रा उन्हानं तापला होता. मी ढकललं. ती हलली नाही. मी पाय रोवून, सगळं अंग टाकून ढकललं, आणि मनात मात्र एकच, हलू नको, हलू नको.

"बस, मम्मी," हृषी म्हणाला.

मी आणखी जोर लावला.