अबोलीच्या वाफ्यातली बाटली

मित्रांनो, मी व्हिस्कीची बाटली आहे. जुनी, रिकामी, आणि सध्या मिठबाव गावात अबोलीच्या वाफ्याच्या कडेला जमिनीत डोकं खुपसून उलटी उभी. कोंबड्या माझ्या बुडाला चोच पुसतात. एके काळी मी गोव्यातल्या दुकानात अगदी वरच्या फळीवर होते आणि खालच्या फळीवरच्या फेणीकडे बघतसुद्धा नव्हते. तेव्हा माझ्याकडे बघून हसू नका. हसायचा हक्क माझा आहे, कारण मी माणसं फार जवळून पाहिली आहेत.

माझा जन्म भट्टीतला. लाल रसरशीत काच फुंकून मला चौकोनी खांदे दिले, पोटात सोनेरी मद्य भरलं आणि डोक्यावर पत्र्याचं झाकण बसवलं. त्या झाकणाच्या आत बुचाची एक पातळ चकती असते. तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. काच काही शोषत नाही, पण ती चकती सगळं पिऊन बसते आणि विसरत नाही. एवढं ध्यानात ठेवा.

मला विकत घेतलं कणकवलीच्या श्रीपादने. हा एका कचेरीत कारकून. बायको सरला आणि दीड वर्षांची मुलगी जानकी यांना घेऊन गोव्याला देवदर्शनाला आला होता. दर्शन झालं, प्रसाद झाला आणि 'जरा पान खाऊन येतो' म्हणून गेलेला हा भक्त मला घेऊन परतला. हौस केवढी आणि छाती केवढी! सरहद्दीवर बांद्याच्या नाक्यावर दारूसाठी एसटी तपासणार, म्हणून त्याला घाम फुटलेला. शेवटी त्या वीराने मला कुठे लपवलं असेल? जानकीच्या ओल्या लंगोटांच्या पिशवीत. तेही सरलाला न सांगता.

"ह्यात काय?" नाक्यावरच्या पोलिसाने विचारलं.

"बाळाचे लंगोट. दाखवू?" सरला सरळ मनाने म्हणाली आणि तिने पिशवी उघडली. तो बिचारा दोन पावलं मागे सरकला. माझ्यासारख्या खानदानी बाटलीने मुताच्या वासात सरहद्द ओलांडली!

घरी पिशवी रिकामी करताना सरलाच्या हाताला मी लागले. झाकण किंचित सैल होतं. लंगोटांना व्हिस्कीचा वास लागलेला.

"माझ्या लेकीच्या कपड्यांत?" तिने एक लंगोट त्याच्या नाकापुढे धरला. "हे तिच्या अंगाला लागलं असतं म्हणजे?"

"अगं, दारू आहे, विष नव्हे," श्रीपाद म्हणाला.

सरला डोंबिवलीची, बी.ए. झालेली. तिने ते लंगोट तीनदा उकळले. त्या दिवसापासून तिला एक खोड लागली. जे जे जानकीच्या तोंडात जायचं, ते ते आधी हिच्या नाकाखालून जायचं. दूध, पेज, डॉक्टरांचं औषध, शेजारणीने दिलेला लाडूसुद्धा. श्रीपाद मित्रांना सांगायचा, "आमच्याकडे कस्टम आहे. नाकावाटे तपासणी!" मित्र हसायचे. मीही हसायचे. तांदळाच्या डब्यामागे बसून मला दुसरा उद्योग काय होता?

श्रीपादचीही एक गंमत सांगते. रविवारी सरला नळावर गेली की तो मला बाहेर काढायचा, झाकण उघडायचा, डोळे मिटून लांब वास घ्यायचा आणि परत ठेवून द्यायचा. एक थेंब प्यायची हिंमत नाही! का, तर मी कुणाला तरी द्यायची होते. बायकोच्या नाकाला हसणाऱ्याचं स्वतःचं सुख असं नाकापुरतंच होतं.

ज्याच्यासाठी मला राखलं होतं, तो माणूस म्हणजे हरिश्चंद्र. मुंबईला जाणाऱ्या एका आरामगाडीच्या सीटा देणारा एजंट. सरलाच्या धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात डोंबिवलीला होतं, आणि हिची झोप जानेवारीतच उडालेली. मे महिन्यात सीट मिळेल का? पुढची मिळेल का? मागे बसलं की जानकीला उलट्या होतात, त्याचं काय? एजंट म्हणायचा, महिनाभर आधी या. तेव्हा श्रीपादने पुरुषी अक्कल चालवली आणि एका शनिवारी संध्याकाळी त्याला घरी बोलावलं.

खिडक्या लावल्या. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून रेडिओ मोठा केला, त्यामुळे सगळ्या आळीला कळलं की आत काहीतरी चाललंय. "सर्दीवर बरी असते म्हणतात," श्रीपाद ग्लास पुढे करत म्हणाला. दोघांपैकी एकालाही सर्दी नव्हती.

तिसऱ्या ग्लासाला हरिश्चंद्राने छातीवर हात ठेवला. "वैनीनू, काय्यक काळजी करू नकात! डायवराच्या मागच्यो दोन सीटी तुमच्यो. हो हरिश्चंद्राचो शब्द आसा. आणि ते सुरमईचे आणखी दोन तुकडे हाडा बघू."

सरला चुलीपाशी तुकडे तळत होती. तिने मान डोलावली. तिच्या कपाळावरची आठी मात्र तशीच होती. ती शब्दाचाही वास घेत असावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं, जानकी झोपलेली. सरलाने मला कचऱ्यात टाकायला उचललं आणि थबकली. मग इकडेतिकडे बघून तिने झाकण उघडलं, तळातला उरलेला थेंब बोटावर घेतला आणि चाखला. तोंड असं वाकडं केलं म्हणता! आणि मग एकटीच, तोंडावर पदर धरून, पोट दुखेपर्यंत हसली. मित्रांनो, दोन पुरुषांनी माझी अख्खी व्हिस्की संपवली, पण माझी खरी मजा घेतली ती त्या एका थेंबात हिनेच. हे गुपित मी आज पहिल्यांदा सांगते आहे.

तेवढ्यात मिठबावहून अक्का आल्या. अक्का म्हणजे सरलाच्या सासूबाई. माझा चौकोनी बांधा बघून त्यांचे डोळे लकाकले.

"गे माय! इतकी बरी बाटली भायर टाकतंस? माका दी. आमच्या मिठबावात असली काच गावता खंय!"

कोकणात रिकाम्या बाटलीला मरण नाही. तिच्यात खोबरेल भरतील, रॉकेल भरतील, मध भरतील. मला वाटलं, माझ्या नशिबी निदान मध येईल. कसला मध! अक्कांच्या शेजारच्या लवूची चार हापूसची कलमं होती. मोहोरावर तुडतुडे पडले, तेव्हा अक्कांनी आपल्याकडचं फवारणीचं औषध माझ्यात ओतून त्याला दिलं. कलमांचं औषध म्हणजे किड्यांचं विष. गावात त्याची एक चाल आहे. विषाची बाटली ओळखू यावी म्हणून तिच्या गळ्याला लाल चिंधी बांधतात. तशी मलाही बांधली. व्हिस्कीच्या बाटलीच्या गळ्यात चिंधी! आणि आत ते पिवळट, तेलकट, उग्र पाणी. महिनाभर मी लवूच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या झोपडीत, आडवी पडून होते. ते विष झाकणाला लागून होतं. चकती पीत होती.

काम झाल्यावर लवूने मला परत केलं. अक्कांनी चिंधी कापली, राखेने घासलं, चिंचेने घासलं, उन्हात पालथं घातलं. मी लखलखले. झाकण मात्र त्यांनी नुसतं पाण्यातून काढलं. मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकले. अक्कांनी त्यांच्या रसात मीठ घालून लालभडक आगळ केलं आणि ते माझ्यात भरून झाकण घट्ट पिळलं. मी आडवी पिशवीत. आगळ त्या चकतीला टेकलेलं, तीन दिवस.

निघायच्या दिवशी संध्याकाळी साडेचारला सगळे कणकवलीत गाडीपाशी जमले. अक्का मुद्दाम मिठबावहून आल्या होत्या. आणि हरिश्चंद्राच्या त्या सत्यवचनी सीटा? त्या निघाल्या अगदी मागच्या, चाकावरच्या.

"अहो, पुढे मालकांचे पावणे बसले," तो डोळे न मिळवता म्हणाला. "मागसून हवा बरी लागता."

श्रीपाद बोचकी मोजू लागला. करणार काय? चोरून आणलेल्या बाटलीची पावती मागता येत नाही.

ऊन, गर्दी, धूळ. जानकी रडून लाल झालेली. अक्कांनी पेल्यात पाणी घेतलं, साखर घातली, मला उघडून भरपूर आगळ ओतलं.

"ह्यां सरबत दोन घोट पाज तिका. गाडयेत वांती जावची नाय."

मित्रांनो, मी आयुष्यभर माणसांना तुच्छ लेखत आले. त्या क्षणी मात्र मला तोंड असून बोलता येत नाही याची लाज वाटली. पेला जानकीच्या ओठांकडे निघाला होता. तिने दोन्ही हात पुढे केले होते.

सरलाने पेला अडवून नाकाशी नेला. आगळाचा आंबट वास एवढा उग्र, की त्याच्याखाली दुसरं काही कळेना. श्रीपाद करवादला, "झाली कस्टमची तपासणी? दे आता तिला!" सरलाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्याच्या खाचेत लाल सुताचे दोन धागे अजून चिकटले होते.

"अक्का, ह्या बाटलीत आधी काय होतं?"

"ता होय? लवूक कलमांचा औषध दिललंय, तेवा विखाची वळख म्हणान चिंधी बांधललंय. मगे धुतलंय मा! राखेन धुतलंय, चिचेन धुतलंय. चकचकीत आसा बघ."

सरलाने पेला तिथल्या तिथे ओतून टाकला. लाल पाणी श्रीपादच्या पांढऱ्या विजारीवर उडालं, अक्कांच्या नव्या लुगड्यावर उडालं. जानकीने भोकाड पसरलं.

"म्हंजे मिया माझ्याच नातीक वीख घालतंय?" अक्का लुगडं झटकत म्हणाल्या. "चार पोरां वाढवलंय मिया, चार!"

"सगळ्यांसमोर आईचा अपमान करतेस?" श्रीपाद.

"शिकलेली सून ती, अशीच असतली," खिडकीतून एक म्हातारी.

"वैनीनू, घरचां भांडाण घराक ठेवा, गाडी सुटता!" हा हरिश्चंद्र.

मुलीला छातीशी घट्ट धरून सरला गाडीत चढली आणि चाकावरच्या सीटवर जाऊन बसली. खिडकीतून तिचा चेहरा दिसला. आपण चुकलो का, हेच ती विचारत होती. बरोबर कोण होतं, ते एवढ्या माणसांत एका बाटलीलाच ठाऊक होतं.

अक्का मला घेऊन फणफणत मिठबावला परतल्या. "आता मियाच पिवन दाखवतंय," असं म्हणत त्यांनी माझं झाकण काढलं. ते हातात उलटं झालं. फुगलेली चकती निम्मी निघून आली होती. अक्कांनी ती नखाने उचकटली. खालून पिवळट तेल बोटाला लागलं. त्यांनी बोट नाकाशी नेलं.

नंतर कितीतरी वेळ त्या उंबऱ्यावर बसून होत्या. बोट लुगड्याला पुसत होत्या, पुन्हा पुन्हा.

मग उठून त्यांनी आगळ खड्ड्यात ओतलं, चकती जाळली, आणि मला अबोलीच्या कडेला उलटं पुरलं, तोंड मातीत. पुन्हा माझ्यात कुणी काही भरू नये म्हणून. कुणाला एक शब्द सांगितला नाही. चूक कबूल करायची म्हटली की माणसांच्या तोंडालाही झाकण बसतं.

गणपतीला सरला जानकीला घेऊन आली. सासू-सुनांत तोवर कामापुरतं बोलणं. फुलं काढायला ती वाफ्याशी आली आणि माझं चौकोनी बूड बघून खाली बसली. तिने वर पाहिलं. अक्का दारात उभ्या होत्या.

"थंयच रवांदे ती," अक्का म्हणाल्या. मग आत जाऊन नवीकोरी चिनी मातीची बरणी घेऊन आल्या. आगळाची. सुनेच्या हातात देताना त्यांनी स्वतःच झाकण काढलं.

"आधी वास घेवन बघ गो, बाय."

सरलाने वास घेतला. फार वेळ घेतला. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते आगळाच्या आंबटपणाने नव्हे.

मित्रांनो, तुम्हीही माणसंच, तेव्हा तुमच्याकडून मी फार आशा ठेवत नाही. तरी सांगते. विषाची बाटली कितीही घासा, तिच्यात पुन्हा खायचं-प्यायचं भरू नका. आणि तुमच्या घरात कुणी आई प्रत्येक पेल्याला नाक लावत असेल, तर तिला हसण्याआधी जरा थांबा. हसायचंच असेल तर इथे या. पुढच्या सीटांसाठी अख्खी बाटली देऊन चाकावर बसणाऱ्यांना मी अजून हसतेच आहे, मातीत तोंड घालून.