टिकटिक मोठी करणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना गोळ्यांचा डबा आहे, असं माझ्याकडे बघून कुणालाही वाटेल. झाकणावर अजून 'खोकल्यावर गुणकारी' असं छापलेलं आहे. खोकल्यावर मी आजवर काहीही केलेलं नाही. माझ्या पोटात प्रीअँप आहे, म्हणजे बारीकसा आवाज मोठा करून पुढे पाठवणारं सर्किट.

माझे मालक घड्याळजी. लंबकाचं घड्याळ नीट चालतंय की लंगडतंय, हे त्यांना नुसत्या टिकटिकीवरून कळे. पुढे कान मंद झाले. मग ते स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरत, टोक घड्याळाला टेकवत आणि दातांनी ऐकत. गिऱ्हाइकांना वाटे, म्हातारा घड्याळ खातोय.

त्यांच्या लेकीला हे बघवेना. ती कारखान्यात यंत्रं दुरुस्त करणारी. तिने पितळेची एक चकती आणली. ही चकती हवेतलं काही ऐकत नाही. जिला चिकटवाल त्या वस्तूची थरथर तेवढी ऐकते. पण तिचा आवाज फार नाजूक, वाटेतच विरून जाणारा. म्हणून लेकीने मला घडवलं. आधी साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत.

हेडफोन लावताच घड्याळजी म्हणाले, "ठमे, घड्याळात भुंगा शिरलाय."

"भुंगा नाही हो बाबा, घरातल्या विजेची घरघर आहे. थांबा, पत्र्याच्या डब्यात घालते, म्हणजे आत नाही यायची."

दुसऱ्यांदा ते बराच वेळ डोळे मिटून बसले. "लंगडतंय गं!" म्हणाले, आणि असे हसले, जणू घड्याळाला मुलगा झाला.

पुढची वर्षं माझ्या कौतुकात गेली. "आमच्या ठमीने केलाय," असं सांगत ते मला गिऱ्हाइकांपुढे धरत. गिऱ्हाईक भिडेखातर एक गोळी मागे.

मग लेकीला परगावी नोकरी लागली. निघताना तिने बजावलं, "बाबा, काम झालं की चकतीच्या वायरची ही पिन डब्यातून काढून ठेवत जा. आत राहिली तर हा चालूच राहतो आणि बॅटरी खातो." बाबांनी मान डोलावली. त्या वेळी त्यांच्या कानांवर हेडफोन होते.

पिन काही निघाली नाही. माझा आवाज खोल गेला, मग बंदच पडला. घड्याळजींनी चकती पुसली, घड्याळ बदलून पाहिलं. शेवटी हेडफोन काढून त्यांनी दोन्ही तळहात कानांवर दाबले. माझ्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. ठमीने केलेली वस्तू बिघडेल कशी? बिघडले असणार ते कानच. ते गिऱ्हाइकांना घड्याळं दुरुस्त न करताच परत देऊ लागले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, "अहो, नुसती बॅटरी संपलीय!" पण मी दुसऱ्याचा आवाज मोठा करणारा. माझा स्वतःचा मला नाही.

आज लेक आली आहे. तिची चाहूल लागताच त्यांनी घाईने हेडफोन चढवले.

"बाबा, येतंय ना नीट ऐकू?"

तिच्या ओठांवरून त्यांनी ओळखलं. "अगदी ठणठणीत! तू केलायस म्हटल्यावर!"

ती खूश झाली आणि माझ्या झाकणावर थोपटून चहा ठेवायला आत गेली. समोरचं घड्याळ तेव्हा चांगलंच लंगडत होतं. चकतीला बॅटरी लागत नाही, त्यामुळे मला ते कळत होतं. घड्याळजी मात्र समाधानाने मान डोलावत होते.

उद्या ती परत जाणार आहे.

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस 'ठणठणीत' म्हणालं, तर लगेच चहा ठेवायला जाऊ नका. आधी डबा उघडून बघा. माझं झाकण नखानेही उघडतं.