आत्याची सही

"वडिलोपार्जित आहे, यामिनी! क्वामे एकुलता एक मुलगा. सख्खा भाऊ नाही, चुलत नाही, भाऊबंदकीचं नावच नको. असा क्लिअर प्लॉट पुण्यात तरी मिळेल का?"

जयेश हे पुन्हा पुन्हा सांगत होता, तेही पाहुण्यासमोर. क्वामे-सान (इथल्या जपानी कंपन्यांत सगळेच 'सान') त्याच्या तोयोसुच्या ऑफिसातला, मूळचा घानाचा. रविवारचा ओजिमाला आमच्याकडे जेवायला आला होता. तिकडची, कुमासी शहराबाहेरची जमीन तो विकणार, जयेश घेणार आणि पैसे जाणार माझ्या खात्यातून. बेंतोच्या कारखान्यात उभ्याने भाताचे डबे भरून साठवलेले पैसे. बँकेत सहीऐवजी शिक्का लागतो आणि तो शिक्का माझ्या कपाटात. म्हणून तर नवऱ्याच्या जिभेवर एवढी साखर!

मी पोळी वाढत इंग्रजीत विचारलं, "तिथं आत्ता कोण राहतं?"

"आत्या," क्वामे म्हणाला. "तिची मुलं कोको पिकवतात."

"तिची सही घेतली?"

जयेशने कपाळाला हात लावला आणि तोही इंग्रजीतच म्हणाला, "अगं, आत्याचा काय संबंध? ती लग्न होऊन गेली ना!"

क्वामेने हातातला घास खाली ठेवला. "तिचाच संबंध आहे. आमच्यात घराण्याची जमीन आईच्या कुळातून चालते. बापाची मुलाला मिळत नाही, बापाच्या भाच्याला मिळते."

"मग तू कशी विकतोस?" मी विचारलं.

"लहानपणापासून राबलोय तिथं. वाटतं, माझीच आहे."

तो लबाड नव्हता, दुखावलेला होता. मला राग आला तो जयेशचा. एकुलता मुलगा म्हणून हा भाळला आणि नेमका मुलाचाच तिथे हक्क नव्हता. तरी हा म्हणतो कसा, "मग आत्याला काहीतरी देऊन टाकू. साडी-बिडी... म्हणजे तिकडचं जे काय असेल ते."

साडी! भावांनी माझ्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली, तेव्हा मलाही हिरवी साडी मिळाली होती. वडिलांचा मळा गेला, साडी आली. किती गुणाची पोर, सगळे म्हणाले. साक्षीदार होता जयेश.

"शिक्का मिळणार नाही," मी मराठीत म्हणाले.

"यामिनी, पाहुण्यासमोर..."

"पाहुण्यासमोरच! जगात एक तरी आत्या आहे, जिला विचारल्याशिवाय जमीन हलत नाही. तिला मी माझ्या पैशानं उठवू? मेले तरी नाही."

मग क्वामेला इंग्रजीत सांगितलं, "आत्याला माझा नमस्कार कळव." तो खाली मान घालून हसला आणि आणखी एक पोळी मागून घेतली.

जयेश बरेच दिवस फुगून बसला. बसू दे. घर छान शांत होतं.

जुनी कापडं उचलून नेण्याच्या दिवशी मी कचरा ठेवायला खाली गेले. इथे पिशवी पारदर्शकच लागते. कधी घडीच न मोडलेली ती हिरवी साडी आतून जरीच्या काठासकट दिसत होती. शेजारच्या आजी थबकल्या. "मोत्ताईनाई," हळहळल्या, चांगली वस्तू वाया घालवतेस म्हणून.

"नाही, आजी," मी म्हणाले आणि पिशवीची गाठ आणखी घट्ट केली.